न उघडलेली पाकिटं

बँकेच्या कर्ज विभागात मी अठ्ठावीस वर्षं काढली. थकलेल्या गृहकर्जांच्या नोटिसांचे मसुदे माझ्याच टेबलावर तयार व्हायचे. त्यामुळे निवृत्तीनंतर वर्तमानपत्रातल्या थकबाकीच्या नोटिसा वाचताना मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: यातल्या निम्म्या लोकांना आपल्या हातात अजून काय आहे हे कोणी सांगितलेलंच नसतं. मग मीच सांगायचं ठरवलं. एक पानी पत्रक छापलं आणि एसटीने गावोगाव फिरू लागले.

अशाच एका नोटिशीतल्या पत्त्यावरून मुरुडच्या एका घरी तीनदा गेले. खाली राहतं घर, वर पर्यटकांसाठी कर्ज काढून बांधलेल्या दोन खोल्या. पहिल्या दोन्ही वेळा खिडकीआडून एकच उत्तर आलं, "मालक घरात न्हाय."

तिसऱ्यांदा मी खिडकीपाशीच उभी राहिले. "मी वसुलीला आलेली नाही. पूर्वी मी बँकेतच होते, या नोटिसा मीच लिहायचे. म्हणून तर सांगायला आलेय."

थोड्या वेळाने कडी निघाली. चाळिशीची बाई होती. नवऱ्याचा हात बोटीच्या इंजिनात सापडला होता. तेव्हापासून तो घरीच होता आणि हप्ते थांबले होते. तिने पिठाच्या डब्यामागून पाकिटं काढली. सात होती. एकही फोडलेलं नव्हतं.

"उघडली की खरं होईल असं वाटायचं," ती म्हणाली.

आम्ही ओटीवर बसून एकेक फोडलं. शेवटच्यात साठ दिवसांची मुदत होती. त्यातले एकोणीस उरले होते. वरच्या खोल्या बंद का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "घर बँकेचं झालं ना? दुसऱ्याच्या घरात गिऱ्हाईक कसं ठेवू? दिवाळीची दोन कुटुंबं परत पाठवली."

ज्यातून हप्ता फिटेल असं एकमेव उत्पन्न तिने प्रामाणिकपणापायी बंद केलं होतं.

"अहो, घर तुमचंच आहे," मी म्हटलं. "ही नुसती नोटीस आहे. हिला लेखी उत्तर देता येतं, आणि ते बँकेला वाचावंच लागतं. हप्ता कमी करून मुदत वाढवून मागता येते. तालुक्याच्या कोर्टात फुकट वकीलही मिळतो."

"व्हय?" तिने दोनदा विचारलं. मग आत जाऊन वरच्या खोल्यांच्या चाव्या घेऊन आली आणि तडक जिना चढली. खिडक्या उघडल्याचा आवाज मी खालून ऐकला.

अर्ज तिने स्वतः सांगितला, मी फक्त लिहून घेतला. दवाखान्याचे कागद जोडले. आठवड्याने आम्ही तिघं शाखेत गेलो. मॅनेजर तिला म्हणाले, "आधी का नाही आलात?"

"आधी कोणी या म्हटलंच न्हाय, साहेब. नुसतं भरा म्हटलं."

त्यांनी अर्ज पुढे ओढून वाचायला घेतला. दोन फेऱ्या झाल्या, पण हप्ता कमी झाला आणि मुदत वाढली. नोटीस मागे घेतल्याचं पत्र तिने बँकेच्या पायरीवरच फोडलं आणि नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

मग माझं पत्रक हातात घेऊन म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण हे बी बँकेसारखंच लिवलंय. कोन वाचंल?"

खरंच होतं ते. नवं पत्रक आम्ही दोघींनी मिळून लिहिलं, तिच्या बोलीत. पहिल्याच आठवड्यात ते वाचून थळ गावातल्या एका माणसाचा फोन आला. त्याची पहिलीच नोटीस होती, आणि ती त्याने उघडून वाचली होती.