तुझा शेवटचा पेपर कधी?

हे लिहायला बसलो आहे खरा, पण लिहिण्याचा हक्क मला कितपत आहे हे अजून नीटसं कळलेलं नाही. आजार ताईचा होता. सुया तिने टोचून घेतल्या, केस तिचे गेले. मी त्या घरात राहणारा तिचा धाकटा भाऊ, जमेल तेव्हा तिला गाडीने दवाखान्यात नेणारा. शिवाय आमच्या घरात लिहिण्याची सवय कोणालाच नाही. कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिथेही आकडेमोडीचेच विषय घेतले. तेव्हा चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. ताईच्या हातात पडलं तर तिनेही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ताई आणि भाऊजी ॲरिझोनात चँडलरला राहायचे. भाऊजी तिथल्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होते. मला जवळच्याच युनिव्हर्सिटीत इंजिनियरिंगच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला, तेव्हा दुसरीकडे खोली बघण्याचा प्रश्नच आला नाही. त्यांनी मला मागची फिक्या पिवळ्या रंगाची खोली दिली. छताखाली भिंतीवर बदकांच्या चित्रांची पट्टी चिकटवलेली होती. ती खोली कोणासाठी रंगवली होती हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी पोचलो तेव्हा ताईची स्तनाच्या कॅन्सरसाठी किमोथेरपी सुरू झालेली होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर शेवटची किमो झाली. भाऊजींनी केक आणला. दोन घरं सोडून राहणाऱ्या काकू पुरणपोळ्या घेऊन आल्या. काकू मूळच्या पुण्याच्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या आणि आसपासच्या सगळ्या मराठी घरांची खबर ठेवणाऱ्या. "सुटलीस गं बाई," त्या ताईला म्हणाल्या, "आता खा, पी, मजा कर." ताईने पोळीचा तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, "छान झालीये." नंतर कचऱ्याची पिशवी बांधताना ती पोळी मला पेपर टॉवेलमध्ये गुंडाळलेली सापडली. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात पाल चुकचुकली.

मला वाटलं होतं, औषध संपलं की माणूस रोज थोडं थोडं बरं होत जातं. ताईचं उलटंच चाललं होतं. तिला एकाएकी घामाच्या धारा लागायच्या. मग ती एसी इतका खाली आणायची की भाऊजी जूनमध्ये स्वेटर घालून टीव्ही बघायचे आणि म्हणायचे, "बाहेर भट्टी, आत काश्मीर. एका तिकिटात दोन्ही." बोलता बोलता ताईचे शब्द हरवायचे. "ते घे ना रे, ते... ज्यात गरम करतो," असं म्हणून ती मायक्रोवेव्हकडे बोट दाखवायची आणि स्वतःवरच चिडायची. कपडे घड्या करायला बसली की अर्ध्या ढिगात तिला झोप लागायची.

एकदा ती रस्त्याकडेच्या मेलबॉक्सपर्यंत जाऊन आली. दारात मी उभा होतो. तिच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी ड्राइव्हवेवर मधेच पडलेली. अशा उन्हात तिथल्या काँक्रीटवर आपण उघडं पाऊल क्षणभरही टेकवणार नाही.

"ताई, चप्पल?"

तिने खाली बघितलं. आपल्याच पायाकडे तिने असं बघितलं, जणू कोणाचं तरी सामान चुकून आपल्या घरी आलं आहे. तळव्याला फोड आला होता.

पुढे एका पौर्णिमेला बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावताना काडी तिच्या बोटांपर्यंत जळत आली, तरी तिने ती सोडली नाही. मी ओरडलो तेव्हा सोडली.

"साइड इफेक्ट आहे," भाऊजी म्हणाले. "नर्व्हज् थोड्या डॅमेज होतात किमोने. जाईल हळूहळू."

"औषध तर कधीच बंद झालं. मग आता इफेक्ट कसला?"

"अरे यार, तू इंजिनियर ना? मशीन बंद केलं तरी थोडा वेळ गरम राहतंच की."

उत्तर चोख होतं. इतकं चोख की ते आधीच तयार करून ठेवलं असावं असं मला वाटलं.

मी मुळात संशयी माणूस नाही. पण या घरातल्या लोकांवर संशय घ्यायला मला एक कारण होतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

बारावीच्या परीक्षेला मी तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहत होतो. बाबा नागपूरला दवाखान्यात होते. पायाला सूज आहे, एवढंच मला सांगितलं होतं. अर्धे पेपर झाले असताना ताई डबा घेऊन आली. वसतिगृहाच्या पायरीवर बसून तिने मला जेवू घातलं. आमच्या वॉर्डनच्या चालण्याची नक्कल करून दाखवली, मला हसवलं. मग पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, शिरा काढून एकेक फोड माझ्या हातावर ठेवत गेली. स्वतः एकही खाल्ली नाही.

"बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. तू पेपरकडे लक्ष दे. तुझा शेवटचा पेपर कधी आहे?"

शेवटचा पेपर देऊन मी बाहेर आलो तेव्हा फाटकापाशी काका उभे होते. बाबांना जाऊन आठवडा उलटला होता. डबा घेऊन आली त्या दिवशी ताई बाबांना स्मशानात पोचवूनच माझ्याकडे आली होती.

आमच्याकडे असंच करतात. पोराचं वर्ष वाया जायला नको. आमच्यासारख्या घरात एका वर्षावर काय काय उभं असतं हे मला माहीत आहे, म्हणून मी कोणावर चिडलो नाही. पण तेव्हापासून परीक्षेच्या आधी घरातलं कोणी "सगळं ठीक आहे" म्हणालं की माझा विश्वास बसत नाही.

नोव्हेंबरात एका दुपारी क्लासवरून घरी आलो. आन्सरिंग मशीनचा दिवा लुकलुकत होता. मी बटण दाबलं. दवाखान्यातली बाई बोलत होती. पाठीच्या कण्याचा स्कॅन करायचा आहे, वेळ ठरवण्यासाठी फोन करा. मी तो मेसेज तसाच ठेवला. संध्याकाळी बघितलं तर कोणीतरी पुसला होता. जेवताना त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. भाऊजींनी फक्त भात वाढून घेता घेता विचारलं, "तुझा शेवटचा पेपर कधी रे?"

मी हातातला घास परत ताटात ठेवला. ताईने भाऊजींकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मग मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. ताईने गाडी चालवणं सोडलं होतं, "कंटाळा येतो" म्हणून. तिला कधी कंटाळा येत नसे. मी स्वयंपाकघरात आलो की दोघं एकदम हवामानाबद्दल बोलायला लागत, आणि ॲरिझोनात हवामानाबद्दल बोलण्यासारखं काय असतं? लायब्ररीत जाऊन मी वैद्यकाचं एक जाड पुस्तक काढलं. स्तनाचा कॅन्सर परत आला तर हाडांत येऊ शकतो, कण्यात येऊ शकतो, आणि मग पाय बधिर होऊ शकतात, असं त्यात लिहिलं होतं. कपाटांच्या मधे उभा राहून मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. अभ्यासाचं पुस्तक घ्यायला आलो होतो, ते न घेताच परतलो.

काकूंना गाठलं. त्या अंगणात कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत होत्या.

"काकू, ताईचं काय चाललंय?"

"मला काही विचारू नकोस बाबा. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मला कोणी काही सांगतच नाही."

"म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे."

"असं मी म्हटलं का?" त्यांनी पाण्याचा नळ बंद केला. "तुझे पेपर होऊ देत. मग ये निवांत. थालीपीठ लावते."

त्यांनाही माहीत आहे, अशी माझी खात्री पटली.

ताईच्या परसात आधीच्या घरमालकाने लावलेलं एक संत्र्याचं झाड होतं. डिसेंबरात त्याची फळं पिवळी व्हायला लागली. एका दुपारी ताई मागच्या पायरीवर एक संत्रं घेऊन बसली होती. मला बघून हसली.

"ये, तुला सोलून देते."

"नको."

"का रे? आंबट नाहीये."

"तू संत्रं सोलायला घेतलंस की मला भीती वाटते."

तिला लगेच कळलं. तिने संत्रं मांडीवर ठेवलं. केस नव्याने उगवले होते, आधी कधी नव्हते असे कुरळे, त्यामुळे बाजूने बघितलं तर ती मला अनोळखी वाटायची.

"बाबांनीच सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली, "पोराला पेपरातून उठवू नका. आईने मला शपथ घातली. तुला हसवून मी बसमध्ये बसले आणि नागपूर येईपर्यंत डोकं वर केलं नाही."

हे मला ठाऊक नव्हतं. पण मी तिथे थांबलो नाही.

"आत्ता काय आहे ते सांग."

"आत्ता मलाच माहीत नाही, खरंच. पाय बधिर आहेत. ब्रेकवर पाय ठेवलाय की नाही ते कळत नाही, म्हणून गाडी सोडली. डॉक्टर म्हणतात, औषधाने झालं असेल. 'असेल' म्हणतात. 'आहे' म्हणत नाहीत. म्हणून स्कॅन."

"कळलं की मला सांगशील?"

"सांगीन."

"पेपर असला तरी?"

तिने मांडीवरचं संत्रं उचललं. "पेपर असला तरी."

"मी तुझ्यावर विश्वास ठेवू?"

"नको ठेवूस," ताई म्हणाली. "तुझ्या जागी मीही ठेवला नसता."

ती पुन्हा संत्र्याशी झटायला लागली. नख सालीत जातच नव्हतं. शेवटी तिने ते तसंच पायरीवर ठेवून दिलं.

परीक्षा सुरू झाल्या. स्कॅन कधी झाला ते मला कळलं नाही. एके दिवशी ताईच्या मनगटाला दवाखान्याचा प्लास्टिकचा पट्टा दिसला आणि दुसऱ्या दिवशी तो नव्हता. भाऊजी मात्र फार खुशीत वागायला लागले. माझ्यासाठी समोसे घेऊन आले, पाठीवर थाप मारली, "एव्हरीथिंग इज फाइन, मेहुणे! तुम्ही फक्त अभ्यास करा." त्यांच्या खुशीने मी जास्तच घाबरलो. ताई माझी नजर चुकवत होती, की मला तसं वाटत होतं, हे आज सांगता येणार नाही. मी पुस्तक उघडून बसायचो आणि कान दाराकडे लावायचो.

शेवटच्या पेपरच्या सकाळी मी लवकर जाऊन परीक्षेच्या बिल्डिंगबाहेर बाकावर बसलो होतो. समोरच्या वाटेवरून ताई येताना दिसली. जाड मोजे, त्यावर पट्ट्यांचे सँडल, प्रत्येक पाऊल बघून टाकत. हातात डबा. लांब पार्किंगमध्ये भाऊजी गाडीत बसून होते. वसतिगृहाच्या पायरीवर मी जसा होतो, तसाच मी आता या बाकावर होतो.

"खाऊन आलास का काही?"

"ताई, सांग."

"स्कॅन क्लीन आहे. कुठेही काही नाही." आणि ती हसली.

तेच हसू, वसतिगृहाच्या पायरीवरचं.

"मी पेपरला जावं म्हणून सांगतेस."

"पुढचं ऐकून तर घे." बाकाची पाठ धरून ती सावकाश बसली. "नसा औषधाने जळल्यात. डॉक्टर म्हणतात, थोड्या सुधारतील, सगळ्या नाही. पाय असेच राहणार. गाडी सध्या विसरायची." मग तिने एक श्वास घेतला. "आणि पाळी परत यायची नाही. रक्ताच्या तपासणीत आलंय. मूल होणार नाही. तेव्हा ती बदकं आता तुझी."

खोटं सांगायला आलेलं माणूस एवढं सगळं सांगत नाही, एवढंच माझ्या लक्षात आलं. मग ताईचा चेहरा लक्षात आला आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटलं याची लाज वाटली.

"तुझे भाऊजी म्हणत होते, एवढा एक पेपर होऊ दे. गाडीत भांडलो आम्ही. म्हणून तिकडे तोंड फुगवून बसलेत."

मुलं आत जायला लागली होती. ताईने पिशवीतून संत्रं काढलं आणि तसंच, अख्खं, माझ्या हातात दिलं.

"सोलून देता येत नाही रे मला. बोटांना काही कळतच नाही. तूच सोल. आणि अर्धं मला दे."

मी सोललं. घाईत शिरा तशाच राहिल्या. तिने एक फोड तोंडात घातली आणि चावायला लागली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"कसं आहे?"

"पत्रा चावल्यासारखं लागतंय, किमोपासून सगळंच लागतं तसं," ताई म्हणाली. "जा आता, दार बंद करतील."