मॅडमचं ओके आहे

बोटीवर जायचं ठरलं तेव्हा मला समुद्रबिमुद्र काही बघायचा नव्हता. मला झोपायचं होतं. हे मी कोणाला बोलले नाही, कारण मुलाने बंगलोरहून हौसेने तिकिटं काढली होती. मुंबईहून निघायचं, गोव्याला जाऊन परत यायचं, तीन रात्री बोटीवर. बाल्कनीवाली खोली घेतली होती त्याने. ‘आई, पहाटे उठून सूर्योदय बघ गं,’ असं फोनवर म्हणाला. बघते हं, म्हटलं. मनात म्हटलं, सूर्योदय तर मी रोजच बघते रे बाबा, त्याचाच तर वैताग आलाय.

सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं त्याला सहा वर्षं झाली. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत. दिवसा त्यांचं करायला बाई येते. रात्री मी. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, मध्येच पाणी, मध्येच भांडं द्यायचं. हाक मारून घसा दुखतो म्हणून त्या पलंगाच्या लोखंडी कठड्यावर चमचा वाजवतात. आमच्या डोंबिवलीच्या घरात तो चमचा मला एकटीलाच ऐकू येतो. नवऱ्याची झोप गाढ आहे. रात्रीसाठीही बाई ठेवू या, असं मी सुचवून बघितलं, तर म्हणाला, ‘आपण दोघं घरात असताना रात्रीला बाई कशाला?’ दोघं! तोंडावर मी त्यांना अहो-जाहो करते, इथे नुसता नवरा म्हणतेय. लिहिताना तेवढी सूट घेते.

एके काळी मीही झोपायची. माझं माहेर ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ. नवरात्रात आमच्या खिडकीखाली लाउडस्पीकर असायचा, माणसांचा नुसता पूर असायचा, आणि मी आत ढाराढूर. आई म्हणायची, हिला उचलून नेली तरी हिला कळायचं नाही. आता टाचणी पडली तरी मी उठून बसते.

तर सासूबाईंना तीन रात्री सांभाळायला कल्याणची नणंद तयार झाली. तयार झाली म्हणजे, ‘माझी पाठ धरते गं, पण बघते,’ इतपत. ॲम्ब्युलन्सने सासूबाईंना खडकपाड्याला तिच्या घरी सोडून आलो, तेव्हा कुठे मला वाटलं की हे खरंच होणार.

नवऱ्याला मात्र झोपेची चिंता नव्हती. त्याला पार्किंगची होती. टॅक्सीने जाऊ या, असं मी म्हटलं, तर स्वतःची गाडी असताना टॅक्सी कशाला. बरं, गाडी न्यायची तर चार दिवस ठेवायची कुठे? बंदरावर पार्किंग मिळेल का, मिळालं तर सावलीत का उन्हात, यावर तो इतका बोलायचा की समोरचे गृहस्थ आम्हाला बघून जिना चढायचे थांबायचे. शेवटी वागळे इस्टेटमधल्या त्याच्या जुन्या कंपनीतला एक मित्र उपयोगी पडला. त्याचा भाऊ भायखळ्याला राहतो, त्याच्या बिल्डिंगमध्ये एक जागा रिकामी होती. नवरा आधीच्या आठवड्यात जाऊन ती जागा बघून आला, मुलीसाठी स्थळ बघून यावं तशी. ‘चांगली आहे,’ म्हणाला. ‘वर पत्रा आहे.’

शिवाय इथली आमची जागा होतीच. ती रिकामी दिसली की दुसऱ्या मजल्यावरचे लोक जावयाची गाडी आणून लावतात आणि मग जावई हलत नाही. म्हणून आम्ही निघालो त्या रविवारी सकाळी नवऱ्याने आमच्या जागेत जुनी मोडकी खुर्ची, दोन कुंड्या आणि पाण्याने भरलेली एक बादली मांडून ठेवली. वॉचमनला तीन-तीनदा बजावलं. मी बॅग घेऊन गाडीत बसून होते. मला बसल्या बसल्याच पेंग येत होती.

कागदांचं खातं त्याच्याकडेच होतं. सगळी नोकरी त्याने स्टोअर्समध्ये काढली, त्यामुळे ओरिजिनल वस्तू कुलपात आणि नक्कल हातात हे त्याच्या अंगात भिनलंय. समोरच्या बिल्डिंगमध्ये चोरी झाली तेव्हापासून घरातले सगळे मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये गेले. त्याचं आधार तिथे, मतदानाचं कार्ड तिथे, पासपोर्ट तिथे. खिशात फिरतात त्या रंगीत झेरॉक्स, लॅमिनेट केलेल्या. गाडीचं लायसन्ससुद्धा! पोलिसाने कधी अडवलं नाही म्हणून निभावलं. माझं आधार तेवढं माझ्या पर्समध्येच असायचं, कारण सासूबाईंना घेऊन हॉस्पिटलच्या खेपा मीच मारते, आणि तिथे प्रत्येक वेळी सोबत कोण आलंय त्याचं मूळ कार्ड बघायला मागतात. ‘हरवशील एक दिवस,’ असं त्यावरून मी दर महिन्याला ऐकून घ्यायचे.

बोटवाल्यांच्या मेलमध्ये ओरिजिनल आणा, असं लिहिलेलं होतं. मी ते वाचून दाखवलं. नवरा म्हणाला, ‘अगं, ते लिहायचं म्हणून लिहितात. आणि पाण्यावर ओरिजिनल कोण नेतं? भिजलं म्हणजे?’ मी वाद घातला नाही. वाद घालायला अंगात जोर लागतो.

भायखळ्याला गाडी लावायलाच अर्धा तास गेला. पुढे घे, मागे घे, आरसा मिटव, कव्हर घाल. मग टॅक्सी करून बंदरावर पोहोचलो. रांगेत सगळी सजून आलेली माणसं, बायकांच्या डोक्यावर मोठमोठ्या टोप्या, पोरं आनंदाने किंचाळत होती. काउंटरवरच्या मुलीने माझं कार्ड हातात घेतलं, चेहरा बघितला, यंत्राला लावलं आणि परत दिलं. मग नवऱ्याचं घेतलं. उलटसुलट करून बघितलं.

‘सर, ही झेरॉक्स आहे. ओरिजिनल लागेल.’

‘खाली सही केलीय मी,’ नवरा म्हणाला.

‘सर, ओरिजिनल.’

‘अहो, ओरिजिनलपेक्षा ही चांगली आलीय. माझा चेहरा तरी नीट दिसतोय हिच्यात.’

मागची माणसं हसली. मुलगी नाही हसली, बिचारी. तिने वरच्या साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, मोबाइलवर आधार काढून दाखवा, ते चालेल. ते काढायला ओटीपी लागतो, आणि ओटीपी जातो नवऱ्याच्या जुन्या नंबरवर. तो नंबर त्याने कधीच बंद केला, आणि आधारला नवा लावायचा राहून गेला. मुलाला फोन केला. त्याने फोटो पाठवले, फोटो चालत नव्हते. घरी जाऊन घेऊन या म्हणावं, तर कागद लॉकरमध्ये आणि बँक रविवारी बंद. सगळीकडून घोडं अडलं. नवरा आधी चिडला, मग विनवण्या करायला लागला, मग आपण या देशाचे नागरिक आहोत की नाही, असं काहीतरी मोठ्याने म्हणाला. मला त्याची दया येत होती आणि त्याच्या डोक्यात ती बादली घालावीशीही वाटत होती.

साहेब शांतपणे म्हणाले, ‘सर, आम्ही काही करू शकत नाही. मॅडमचं ओके आहे. मॅडम जाऊ शकतात.’

नवऱ्याला हसू आलं. ‘ती एकटी कुठे जाणार!’ मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘चल. जाऊ दे. पुढच्या वर्षी बघू.’

तेव्हा मला रडू फुटलं. लोकांना वाटलं असेल नवरा अडकला म्हणून रडतेय. पण ते दुःखाचं नव्हतं, रागाचंही नव्हतं, झोपेचं होतं. लहान मूल पेंगुळलं की कसं रडतं, तसं. मला डोळ्यांपुढे दिसायला लागलं की आता घरी जायचं, कल्याणहून सासूबाईंना आणायचं, आणि रात्री पुन्हा तेच.

‘मी जाते,’ मी म्हटलं.

‘म्हणजे?’

‘म्हणजे मी जाते बोटीवर.’

‘आणि मी?’

‘तुमची गाडी आहे ना भायखळ्याला. पत्र्याखाली.’

एवढं मी त्याला लग्नानंतर कधी बोलले नव्हते. दोघांचे कपडे एकाच बॅगेत होते, म्हणून मी तिथेच फरशीवर बॅग उघडली आणि त्याचे कपडे काढायला लागले. बनियन, दाढीचं सामान, आणि बोटीवर घालायला म्हणून खास घेतलेली फुलाफुलांची अर्धी चड्डी. सगळं एका पिशवीत भरून त्याच्या हातात दिलं. शेवटी म्हणाला, ‘पोहोचलीस की फोन कर.’ पोहोचायचं कुठे होतं, बोट फिरून परत तिथेच येणार होती. पण मी हो म्हटलं.

बोट किती मजल्यांची होती, तिच्यावर काय काय होतं, ते मला विचारू नका. पहिल्या रात्री सवयीने जाग आली, पाय खाली टाकले, चपला शोधल्या आणि मग कळलं की कोणी बोलावलेलं नाही. त्यानंतर जी झोपले ती दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेपर्यंत. पडदा सरकवला तर बाहेर नुसतं पाणी. छान होतं. पुन्हा पडदा लावला. जेवायला वर गेले, तिथे कोणीतरी ताटलीवर चमचा आपटला आणि मी खुर्ची मागे ढकलून उभीच राहिले. शेजारच्या बाईने विचारलं, ‘काय झालं हो?’ काही नाही, म्हटलं, आणि बसून गरम गरम जेवले.

गोव्याला बोट लागली तेव्हा फोनला रेंज आली आणि मेसेज धडाधड पडायला लागले. नणंदेने रविवारी संध्याकाळीच सासूबाईंना आमच्या घरी आणून सोडलं होतं. दादा आता घरीच आहे म्हटल्यावर आईला स्वतःच्या घरातच बरं वाटेल, असा तिचा विचार. पुढे नवऱ्याचे प्रश्न होते. आईच्या गोळ्या कुठे? कुठल्या कुशीवर? मग, अगं फोन का लागत नाही? मग नुसतंच, अगं.

खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं, म्हणून थोडा वेळ थांबून बघितलं. नाहीच वाटलं. ‘सगळं कपाटाच्या दुसऱ्या खणात आहे, डाव्या कुशीवर जास्त वेळ ठेवू नका’ एवढं लिहिलं आणि फोन बंद केला. बाकीचे लोक गोवा बघायला उतरले. मी झोपले.

परत आले त्या सकाळी नवरा मला न्यायला आला होता. गाडी सरळ गेटसमोर रस्त्यात उभी केलेली, पोलीस ओरडतोय आणि याला पत्ता नाही. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. ऐरोलीचा पूल ओलांडला. मग म्हणाला, ‘आई रात्रीची किती वेळा उठवते गं!’

‘हो?’ मी म्हटलं.

‘चमचा वाजवते.’

‘हो का?’

त्याने गिअर बदलला. मनातून मला बरं वाटत होतं, की आता निदान त्याला कळलंय, आता रात्रीच्या बाईचं पुन्हा बोलता येईल. घरी पोहोचेपर्यंत मी वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

दार दिवसाच्या बाईने उघडलं. सासूबाई उशीला टेकून चहा पीत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी हात पुढे केला, मी धरला. माझा जीव आहे त्यांच्यावर, नाही असं नाही.

‘आलीस का गं?’ त्या म्हणाल्या. ‘बरं झालं बाई. आता त्याला जरा झोपू दे. तीन रात्री पोराचा डोळ्याला डोळा लागला नाही.’

दिवसाची बाई माझ्याकडे बघायला लागली. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही.

‘माझा सहा वर्षं नाही लागला, आई,’ मी म्हटलं.

‘तुझं काय गं,’ त्या मायेनेच म्हणाल्या, ‘तुला सवय आहे.’

‘तुटली हो ती,’ मी म्हटलं. बॅग तिथेच ठेवली आणि नवरा वळायच्या आत खोलीत जाऊन झोपले.