नवरा जिता आहे तोवर

आमच्यासारख्या धानकरी घरातली बाई बाजारात काही विकायला बसली, की लोक आधी तिच्या कपाळाकडे बघतात. कुंकू नसलं तर बिचारी. कुंकू असलं तर तिचा नवरा नालायक.

माझ्या कपाळावर कुंकू होतं, अन् हाताला लांबरोटी साधलेली. उलट्या मडक्यावर भाजलेली, हातभर लांब, जुन्या लुगड्यासारखी मऊ. आमच्या एकोडी गावात लग्न असो की तेरवी, बोलावणं मलाच. दिवसभर चुलीपुढे भाजून निघायचं, अन् मिळायचं काय? 'बाप्पा! काय हात आहे वं तुया!' तेवढ्यावर मी खूश. मूर्ख कुठली!

साकोलीच्या बाजारात मडकं मांडायचं मी मनात घेतलं. बचत गटाच्या मॅडम म्हणाल्या, 'ताई, तुमच्यात आत्मविश्वास कमी आहे.' आत्मविश्वास! तापल्या मडक्यावर उघड्या हातानं रोटी टाकणारीला? मला भीती होती ती सासूची.

'नवरा मेला का तुया?' सासू कडाडली. 'जित्या नवऱ्याची बायको बाजारात रोट्या विकते, तं लोक माया पोराच्या तोंडात शेण घालतीन!'

नवरा भला माणूस. दारू नाही, मारणं नाही. जेवता जेवता एवढंच म्हणाला, 'मले काई नाई वं. पन लोक काय म्हणतीन?' दुष्ट असता तर भांडले तरी असते. मडकं माळ्यावर गेलं. मनातून मला थोडं हायसं वाटलं, ते तर त्याहून वाईट.

मग तो गेला. धानाच्या रोवणीच्या दिवसांत साध्या तापाचं निमित्त झालं. त्याच्या तेरवीच्या रोट्या दुसऱ्या बायकांनी केल्या, जाड झाल्या. अन् तेरवी आटोपताच सासूनं स्वतः माळ्यावरचं मडकं काढून धुतलं. म्हणाली, 'जाय, बस बाजारात. आता तुले कोन काय म्हणते?'

खरंच कोणी काही म्हटलं नाही. उलट गर्दी होते. 'बिचारी' म्हणतात अन् रोटी घेतात. अरे, तेच पीठ, तोच हात! तेव्हा घराण्याची नाचक्की होत होती, आता कष्टाची भाकर झाली. आग लागो असल्या परवानगीला. मला तोही हवा होता अन् मडकंही. दोन्ही एकदम मागितलं, एवढाच माझा गुन्हा.

मागच्या बाजारी धाकटी जाऊ आली. तिचा हात माझ्याहून सफाईचा. दबक्या आवाजात म्हणाली, 'बाई, मी बी बसू का तुमच्यासंग?'

सासू आता माझ्या शेजारीच कणीक मळत बसते. तिनं मानही वर केली नाही.

'तुले काय धाड भरली? तुया नवरा तं जिता आहे.'

मी सरकून पोत्यावर जागा केली. 'बस वं,' म्हटलं. जावेनं त्या जागेकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाकडे पाहिलं. अन् पदर सावरून आली तशी घरी निघून गेली.