दोन गोळ्या, दोन माणसं

समजा, रक्तदाबाच्या गोळ्या आठवडाभरासाठी सात खणांच्या डबीत भरायचं काम तुमच्याकडे आहे. प्रत्येक खणात दोन. पांढरी गोळी रक्तवाहिन्या सैल करते, पिवळसर गोळी अंगातलं जादा मीठ-पाणी लघवीवाटे काढते. एकटी पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी दोन्ही जोडून दिल्या आहेत. चुकायला जागा कुठे आहे?

जाम गावच्या रुख्मिणीबाई हे काम दर रविवारी करत. गोळ्या त्यांच्याच नावाच्या होत्या. पण त्यांचे यजमान तानबाजी यांचंही बीपी गावातल्या शिबिरात वरचं एकशे ऐंशी निघालं होतं. दवाखान्यात जायचं तर कापडाचं दुकान दिवसभर बंद, म्हणून ते टाळत राहिले.

"तुले दोन देल्या ना, एक मले दे," ते म्हणाले. "लग्नात अर्ध्याअर्ध्याचंच ठरलं होतं."

रुख्मिणीबाई हसल्या आणि पिवळसर गोळी त्यांना देऊ लागल्या.

तीन महिन्यांनी तपासणी झाली, तेव्हा बाईंचं बीपी उतरलेलं नव्हतं. दोन्ही घेता ना, असं डॉक्टरांनी विचारलं. त्या हो म्हणाल्या. खोटं बोललो असं त्यांना वाटलं नाही. दोन्ही गोळ्या घरातच तर संपत होत्या. डॉक्टरांनी तिसरी वाढवली.

"पाह्य, तुले तीन लागतात," तानबाजींनी चिडवलं, "मले एकच पुरते."

मार्चमध्ये एका सकाळी दुकानात ब्लाउजपीस मोजताना तानबाजींच्या हातातून मीटरपट्टी निसटली. उचलायला वाकले ते तिथेच कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजवा हात गेला, वाचा गेली.

भरती करताना तरुण डॉक्टरने विचारलं, बीपीची काही गोळी चालू होती का? रुख्मिणीबाईंनी सगळं सांगितलं. इतक्या बीपीला बहुधा त्यांनाही दोन लागल्या असत्या, तो म्हणाला, पण त्यांच्या स्वतःच्या, तपासून दिलेल्या. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं त्या सून सपनाला म्हणाल्या.

आता दोन्ही गोळ्या त्या स्वतः घेतात. आपल्या डॉक्टरांनाही त्यांनी खरं सांगितल्यावर तिसरी बंद झाली. गेल्या तपासणीत त्यांचं बीपी एकशे तीस भरलं आणि डॉक्टर छान म्हणाले. बाहेर पुढचा पेशंट खोळंबला होता, तरी रुख्मिणीबाई स्टुलावरून उठल्या नाहीत.

"साहेब, दोन्ही गोया मी आमच्या ह्यायलेच देल्या असत्या, तं ह्यायची वाचा राह्यली असती का?"