लुएला पेकॅमची काचेची टोपी

लुएला पेकॅमला पुरस्कार मिळाल्याचं पत्र आलं, तेव्हा ती स्वयंपाकघरात बसून टेलिफोन कंपनीला बाविसावं तक्रारपत्र लिहीत होती.

व्हरमॉन्टच्या त्या डोंगराळ मुलखात तिने अडतीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडल्या. बर्फात, चिखलात, आणि एकदा तर खांबाखाली अस्वल ठाण मांडून बसलेलं असताना. अस्वलाला तिने वरून असं काही झापलं की ते खजील होऊन निघून गेलं, असं गावात सांगतात. लुएला म्हणते, "झापलं कुठे? नुसतं बघितलं." निवृत्तीला सहा वर्षं झाली, पण खांबावर चढायचा पट्टा अजून दारामागच्या खुंटीवरच होता.

तिची मागणी एवढीशी होती: एक काचेची टोपी. कॉर्बेट टेकडीवरच्या अकरा घरांत मिळून एकच जुनी तार. खांबाची ओल तारेला लागू नये म्हणून ती ज्या काचेच्या टोपीला बांधतात, ती चौदाव्या खांबावरची टोपी तीन वर्षांपूर्वी तडकली. तेव्हापासून पाऊस आला की फोनवर बेकन तळल्यासारखं तडतडायचं. टेकडीवर मोबाइल लागत नाही. अकरातलं एक घर ऑरिन स्टॅकपोलचं. वय एक्क्याऐंशी, हृदय त्याहून म्हातारं. कंपनीचं उत्तर ठरलेलं: 'टोप्या शिल्लक नाहीत.' आणि आता त्याला नवं शेपूट: 'तार खरखरते, सबब जूनपासून बंद.'

पुरस्काराचं नाव होतं 'दळणवळण तंत्रज्ञानातील कामगिरीचा वार्षिक गौरव'. वाचता वाचता दम लागावा असं.

"मी जाणार नाही," तिने ऑरिनला फोनवर सांगितलं.

"काय? तडतडतंय गं!"

"जाणार नाही म्हटलं!"

"जा की! जेवण फुकट असतं. आणि कंपनीच्या त्या वेन्डेलला टोपीचं चारचौघांत विचार."

पुरस्काराच्या संध्याकाळी चर्चच्या तळघरात हॅम, बीन्स आणि मेपलच्या पाकाची पेस्ट्री असा बेत होता. जेवणं उरकल्यावर कंपनीचा अध्यक्ष वेन्डेल हूड उठला. तांब्याच्या तारांचे दिवस सरले, पण ते ज्यांनी गाजवले त्यांना विसरून कसं चालेल, असं तो म्हणाला. मग त्याने खोकं उघडलं. आत गुळगुळीत लाकडी बैठक, तिच्यावर लुएलाच्या नावाची पितळी पट्टी, आणि वर खुंटीवर बसवलेली हिरवी, कोरी करकरीत काचेची टोपी.

लुएलाने चष्मा पुसला. पुन्हा घातला.

"वेन्डेल, ही आणलीस कुठून?"

"आवडली ना? गोदामात खोकंभर होत्या. दरवर्षी एकेक देतो. ही शेवटची!"

"मी बावीस पत्रं लिहिली."

"अहो, त्या पुरस्कारासाठी राखून ठेवलेल्या होत्या…"

लुएलाने टोपी मुठीत धरली आणि उलटी फिरवायला सुरुवात केली.

"लुएला, अहो, निघेल ती!"

"निघायलाच आटे असतात तिला. तू खांबावर चढला असतास तर कळलं असतं."

मागच्या टेबलावर कुणाला तरी बीन्सचा ठसका लागला. लुएलाने टोपी पर्समध्ये टाकली आणि पट्टीसकट बैठक अध्यक्षांपुढे सरकवली.

"माझं नाव तुला ठेव. तंत्रज्ञान मी नेते."

"कंपनीच्या खांबाला हात लावायचा तुम्हाला आता अधिकार नाही!"

"मग उद्या सकाळी खाली उभा राहून सांग. चिखल आहे, बूट घालून ये."

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि पाऊस पडत होता. वेन्डेल आला नाही. लुएला पट्टा बांधून चौदाव्या खांबावर चढली. गुडघ्यांनी हरकत घेतली, पण तिने अस्वलाचीही ऐकली नव्हती. टोपी बसली, तार बांधली गेली. पट्ट्याला लटकवलेला तपासणीचा फोन तिने तारेला जोडला.

"ऑरिन!"

"ओरडतेस काय? ऐकू येतंय की मला." मग त्याच्याही ध्यानात आलं. "पुरस्कार दिसतो कसा गं?"

"ओला. आता वेन्डेलच्या घरी फोन लाव आणि पावसात आवाज कसा येतो ते सांग. मग शेजारी सांग. एकेक करून सगळ्या घरांनी लावायचा."

सातव्या फोनला वेन्डेलच्या बायकोने त्याचे पॅनकेक झाकून ठेवले. अकराव्याला तो म्हणाला, "कळलं हो, खरखर नाही!"

बारावाही वाजला.

"मग तार चालू राहील असं लिहून दे," पलीकडून लुएला म्हणाली. "तोवर मी इथेच वर आहे."