तहाला कात्री नाही

जिनिव्हाच्या परिषदेत कारकून आंसेर्मो यांनी तहाच्या दोन्ही प्रतींना एकच पहिलं पान लावलं, आणि घरी निघालेल्या चौदाशे कैद्यांची गाडी सरहद्दीवर अडकून पडली.

रिवाज असा, की ज्याच्या त्याच्या प्रतीत ज्याचं त्याचं नाव आधी. आंसेर्मोंच्या कृपेनं मोठा देश दोन्हीकडे आधी आला. धाकट्या देशाच्या वतीनं सही करायला आलेल्या वकिलांनी पान वाचलं, लेखणी खाली ठेवली आणि टोपी मागवली.

खरं पान आंसेर्मोंच्याच टेबलावर, कॉफीच्या बशीखाली निघालं. ते घेऊन आंसेर्मो परिषदेच्या तळघरात ओदीलबाईंकडे धावले.

आंसेर्मोंचं घर होतं त्याच इमारतीत दोन मजले खाली राहणाऱ्या ओदीलबाई आधी भजनांची पुस्तकं शिवायच्या. गेली एकोणचाळीस वर्षं तह शिवत होत्या. त्यांनी शिवलेले निम्मे तह राजांनी नि मंत्र्यांनी मोडले, पण रेशमी फितीचा टाका एकाचाही उसवला नव्हता.

"कात्री मारा आणि पान बदला, मादाम. वकीलसाहेब निघालेत."

"तहाला कात्री लावत नाहीत. वर कॉफी पाठवा. आणि आंसेर्मोसाहेब, बशी कुठे ठेवतात ते या खेपेला दुसऱ्या कुणाला तरी ठरवू द्या."

सुईच्या टोकानं बाई एकेक टाका सोडवू लागल्या. आंसेर्मो घड्याळाकडे बघत उभे.

"पूर्वी कुणाची घोडागाडी पुढे, यावरून वकिलांची माणसं भर रस्त्यात एकमेकांना भोसकायची," बाई मान वर न करता म्हणाल्या. "बरीच मेली, तेव्हा कुठे हे पहिल्या पानाचं सुचलं."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "माझा भाऊ असल्याच एका कागदावर सुटला. कागदात कोण आधी होतं, आठवत नाही. यादीत तो एकशे बारावा होता."

आंसेर्मोंनी घड्याळ खिशात ठेवलं.

बाराला पाच कमी असताना शेवटची गाठ बसली. धाकट्या देशाच्या वकिलांनी आपलं नाव बोटानं चाचपून पाहिलं, टोपी बाजूला ठेवली आणि सही केली. टेलिफोन गेला, गाडी हलली.

आता आंसेर्मोंना कंठ फुटला. "एवढी पिकल्या मिशांची माणसं, मादाम, आणि नाव खाली आलं म्हणून रुसायचं?"

ओदीलबाईंनी सुई डबीत ठेवली.

"टपालपेटीवर सासूबाईंचं नाव तुमच्या वर होतं, तेव्हा तीन आठवडे पत्रं कोण उचलत नव्हतं?"