खालच्या दांड्याची सायकल

पहिली सायकल आमच्या घरी अकरा दिवस होती. निळी, गिअरची, उंच. त्या अकरा दिवसांत मी तिच्यावर दोनदा बसले. पहिल्यांदा भिंतीला धरून आणि दुसऱ्यांदा पार्किंगमध्ये भिंत सोडून. दुसऱ्या वेळी शेजाऱ्यांच्या स्कूटरवर कलंडले आणि कोपर सोलवटलं. ह्यांनी कोपरावर हळद दाबली आणि सायकल जिन्याखाली नेऊन लावली. 

चूक सायकलीची नव्हती, दुकानदाराची तर नव्हतीच. त्यानं अदबीनं विचारलं होतं, चालवणार कोण? मी म्हणाले, भाची. कॉलेजला आहे, उंच आहे. हे शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग उगाच एका टायरवर अंगठा दाबून बघत राहिले.

मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. उजवा पाय मी दीड वर्षाची असताना पोलिओत गेला. गेला म्हणजे आहे, पण बारीक आहे आणि डाव्यापेक्षा दीड इंच आखूड. त्या पायात जाड तळाचा बूट असतो आणि सलवार जरा लांब शिवलेली असते. दवाखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर स्टुलावर बसून काम करते, तिथं कुणाच्या फारसं ध्यानातही येत नाही. इतक्या वर्षांत मी माझ्या पायाबद्दल कुढत बसले असं काही नाही. पण चकचकीत दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, ‘मलाच चालवायचीय’ एवढं काही तोंडातून निघालं नाही.

सायकल हवी का वाटली, ते सांगते. आम्ही राहतो चिकलठाण्याच्या मागं, नव्या वसाहतीत. ह्यांना पहाटे चालायची आवड. लग्न झाल्यापासून मीही बरोबर जाते. आपण लंगडत चालतो, पण बरोबरीनं चालतो, अशी माझी समजूत होती. मागच्या वर्षी मला आठवडाभर ताप होता. एकदा गॅलरीतून पाहिलं, तर हे एकटे चालले होते. लांब लांब ढांगा टाकत, हात हलवत, तरण्या माणसासारखे. हा माणूस इतक्या वेगानं चालतो हे मला माहीतच नव्हतं. तेवीस वर्षं तो माझ्यासाठी आपली पावलं आखडती घेत होता. मला बोलून दाखवायचं नव्हतं. फक्त वाटलं, आपल्यालाही काहीतरी हवं, ज्यावर आपण आपल्या चालीनं जाऊ आणि ह्यांना त्यांच्या चालीनं जाऊ देऊ.

निळ्या सायकलीचं पुढं असं झालं, की ती मी खरंच भाचीला देऊन टाकली. दादाची मुलगी इथंच संभाजीनगरला हॉस्टेलवर राहते. तिला आनंद झाला. पण तिनं घरी सांगितलं आणि त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. पोरीला एकदम सायकल कशाला, असं त्यानं विचारलं. मी आधी इकडचं तिकडचं बोलले. मग खरं सांगून टाकलं, की ती माझ्यासाठी घेतली होती आणि मला जमली नाही.

 दादा म्हणाला, येतो मी. आणि फोन ठेवला.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आमचं गाव कन्नडपासून चार किलोमीटर. पाचवीपासून मला कन्नडच्या शाळेत घातलं तेव्हा प्रश्न आला, ही जाणार कशी. दादा तेव्हा आठवीत. त्यानं वडिलांची काळी सायकल काढली, कॅरिअरवर पोतं चौपदरी करून सुतळीनं बांधलं आणि मला बसवलं. तेव्हापासून माझी दहावी होईपर्यंत मी त्याच्या मागं बसून शाळेत गेले. चढ आला की तो उतरायचा आणि मला बसल्याजागी ढकलत न्यायचा. शाळा सुटल्यावर त्याचे मित्र विट्टीदांडू खेळायचे, तो मला घेऊन घरी यायचा. बारावीनंतर त्यानं शेती धरली, तरी माझं दहावीचं वर्ष होतं म्हणून सोडायला येत राहिला. त्याच वर्षी मी एकदा म्हणाले होते, दादा, मला चालवायला शिकव. तो म्हणाला, पडशील. पुन्हा मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी दादा आला, एस.टी.नं, पिशवीभर मक्याची कणसं घेऊन. अद्रकाला पाणी द्यायचे दिवस होते, तरी शेजाऱ्याला सांगून आला. चहा झाल्यावर म्हणाला, चल.

शहागंजच्या पुढं एका बोळात जुनं सायकलचं दुकान आहे. दादाच्या माहितीतलं. वडिलांच्या सायकलीचं सामान तो तिथूनच न्यायचा. मालक सत्तरीचे, पांढरी दाढी, हातात पाना. दुकान एवढंसं; निम्म्या सायकली बाहेर भिंतीला टेकलेल्या. दादानं काही सांगायच्या आत त्यांनी माझी चाल पाहिली आणि विचारलं, “कौनसा पाँव, बाजी? कितना छोटा है?”

मला बाजी, म्हणजे ताई, म्हणत चपलेचं माप विचारावं तसं विचारलं. माझ्या तोंडून पटकन निघालं, “उजवा. दीड इंच.”

त्यांनी मान हलवली आणि मला लाकडी स्टूल दिलं. मी बूट काढला. त्यांनी फूटपट्टीनं दोन्ही पायांची टाचेपासून गुडघ्यापर्यंतची मापं घेतली आणि खडूनं दाराच्या फळीवर लिहून ठेवली. दादा बाजूला उभा राहून बघत होता. त्याला राहवेना. तो म्हणाला, तीनचाकी मिळते ना हल्ली, मोठ्या माणसांची? तीच द्या. पडायचं भ्यावच नको.

मी म्हणाले, तीनचाकी नको.

मालकांनी आम्हा दोघांकडं पाहिलं. हिंदी-मराठीच्या भेळीत ते म्हणाले, की तीनचाकी वाईट नाही, पण ती वळणावर वेगळीच वागते आणि कुणाच्या जिन्याखाली मावायची नाही. आधी दोनचाकी बघू. मग त्यांनी मला जे समजावलं ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सायकल दिसायला कशी आहे ते सोडा, म्हणाले. सीटवर बसल्यावर चांगला पाय पूर्ण जमिनीला टेकला पाहिजे आणि दुसऱ्याचा चवडा तरी. हँडल वर पाहिजे, पाठ सरळ राहील असं. वाकून चालवायची ती शर्यतवाल्यांनी. सीट रुंद, खाली स्प्रिंग. टायर थोडे जाड, म्हणजे खड्ड्यात मणका हलत नाही. आणि दांडा एकदम खाली, पाय उचलावाच लागू नये. नुसता पलीकडं ठेवता आला पाहिजे.

निळ्या सायकलीत यातलं एकही नव्हतं. मी ते बोलले तेव्हा ते म्हणाले, वो आपके लिए बनी ही नहीं थी, उसका क्या कसूर.

एक लाल सायकल काढली, तिचं हँडल लांब पडलं. दुसरीची सीट पार खाली केली तरी उंच राहिली. तिसरी ठीक होती, पण दादानं आधी स्वतः बसून बोळात एक चक्कर मारली आणि म्हणाला, ब्रेक आवळ लागतो, हिच्या बोटांना झेपायचा नाय. सदरा-पायजमा घातलेला, डोक्याला पांढरी टोपी, एकावन्न वर्षांचा माणूस लेडीज सायकलवर बोळातून फिरतोय. समोरच्या पानवाल्यानं मान वर करून पाहिलं. दादाला त्याचं काही नव्हतं.

चौथी मातकट हिरव्या रंगाची होती. दुकानाच्या आत, मागं, कागदात गुंडाळलेली. नवीच, पण जुन्या धाटणीची. चेनवर पूर्ण झाकण, म्हणजे सलवार अडकायला नको. दांडा इतका खाली, की मी उजवा पाय हातानं न उचलता पलीकडं नेला. बसले. डावं पाऊल सबंध जमिनीवर. पाठ सरळ. हात आपोआप हँडलवर गेले. मी तशीच बसून राहिले. सायकल हलत नव्हती, कुठं जात नव्हती, पण उतरावंसं वाटेना.

मालक खाली वाकून उजव्या पायडलकडं बघत होते. बूट परत घातला होता, तरी तो पाय पायडलपर्यंत पोचत नव्हता. सीट आणखी खाली घेतली तर डावा गुडघा दुमडतो, म्हणाले. पायडल वर आणायला पाहिजे. तुमचा बूट कोण करतं?

माझा बूट औरंगपुऱ्यातले एक चांभारकाका करतात, वीस वर्षं झाली. मालकांनी पायडल काढून माझ्या हातात दिलं. दादा आणि मी रिक्षानं तिकडं गेलो. काकांनी पायडल उलटसुलट केलं, हसले, आणि बुटाच्या तळाचंच रबर कापून त्याचे दोन थर बोल्टनं बसवले. वरून चामड्याचा पट्टा लावला, पाय घसरू नये म्हणून. फक्त तो सैल ठेवला. वेळ आली तर पाऊल सुटलं पाहिजे.

ते काम चाललं होतं तेव्हा आम्ही दुकानासमोर बाकड्यावर बसलो होतो. दादा रस्त्याकडं बघत म्हणाला, “तू इचारलं व्हतं मला, दहावीत. शिकव म्हणून.”

मी म्हणाले, त्याला किती वर्षं झाली.

“पडशील म्हणालो. तेवढंच नव्हतं ते.” त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. “तुला न्यायचो ना, तर गावात मला समदे शहाणा म्हणायचे. मास्तर वर्गात उभं करून सांगायचे, भाऊ असावा तर असा. दुसऱ्या कशात मी हुशार नव्हतो. वाटलं, ही शिकली तर माझं काय राहिलं.”

मला काय वाटलं ते तेव्हा नीट कळलं नाही. राग आला, हे खरं. सोळाव्या वर्षी शिकले असते तर कॉलेजला जायला कुणाची वाट पाहिली नसती, हे चटकन मनात येऊन गेलं. पण तोच मुलगा भर उन्हात घामानं निथळत मला चढावरून ढकलत होता, आणि त्याची पाठ मला माझ्या हातांइतकी ओळखीची होती. मी त्याची टोपी उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि त्याच्या हातात दिली.

“मग आता शिकव,” मी म्हणाले.

तो दोन दिवसांसाठी आला होता, पाच दिवस राहिला. आमच्या वसाहतीपलीकडं प्लॉट पाडलेत. डांबरी रस्ते झालेत, घरं अजून थोडी. पहाटे तिथं टिटव्यांशिवाय कुणी नसतं. दादा सीट धरून मागं धावायला लागला आणि पहिल्याच फेरीत त्याला धाप लागली. हे धावले, तर ह्यांनी सायकल एका बाजूला इतकी दाबून धरली की ती सरळ जाईना. शेवटी मी दुकानदारांचं ऐकलं. त्यांनी सांगितलं होतं, पायडल विसरा, आधी बसून पायांनी रेटत जा. उतरताना नेहमी डावा पाय. उताराचा रस्ता होता. मी बसून जमिनीला रेटा देत राहिले, पाय उचलत राहिले. पहिल्या दिवशी एकदा पडले, डाव्या बाजूला, हातावर. दुसऱ्या दिवशी नाही.

तिसऱ्या दिवशी हे आणि दादा एका अर्धवट कुंपणाच्या भिंतीवर बसून मक्यावरच्या अळीबद्दल बोलत होते. मी उतारावर पाय उचलले आणि या वेळी खाली ठेवलेच नाहीत. उजवं पाऊल पट्ट्यात सरकलं. डाव्यानं दाबलं, उजवा त्याच्यामागं फिरला. पुन्हा दाबलं. हँडल थोडं हललं, मग स्थिर झालं. मी रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, तिथं डावा पाय टेकून थांबले, सायकल हातानं वळवली आणि परत निघाले. चढ होता, पण अगदी थोडा. कुणी ढकलत नव्हतं.

मी त्यांच्याजवळ येऊन पोचले तरी दोघं बोलतच होते. दादा कुठलं औषध किती लिटर पाण्यात टाकावं ते सांगत होता.  ब्रेकचा आवाज झाला म्हणून ह्यांनी वर पाहिलं आणि माझ्या मागच्या मोकळ्या रस्त्याकडं पाहिलं. मग दादानं पाहिलं.

“आली व्हय तू? तिकडून?” त्यानं विचारलं.

“हो.”

“आमी बघितलंच नाय,” तो म्हणाला. त्याला फार वाईट वाटलं. म्हणून मी पुन्हा गेले आणि पुन्हा आले, आणि दोघं शाळेतल्या पोरांसारखे उभे राहून बघत राहिले. दादानं उपरण्यानं सगळं तोंड पुसलं, पार मानेपर्यंत. त्या दिवशी दुपारी तो कन्नडच्या गाडीत बसायला निघाला, पण ह्यांनी त्याला जाऊ दिलं नाही. आणखी दोन दिवस ठेवून घेतलं.

आता थंडी पडलीय. रोज पहाटे आम्ही दोघं एकदमच निघतो. हे त्यांच्या चालीनं, मी माझ्या. हे घरी परतेपर्यंत माझ्या तीन फेऱ्या झालेल्या असतात. सीट पहिला महिना टोचली, मग एक तर सीट मऊ झाली किंवा मी निबर झाले.

मागच्या रविवारी ह्यांना बरं नव्हतं, म्हणून मी एकटीच गेले. प्लॉटांचे रस्ते संपतात तिथून पुढं कच्चा रस्ता आहे आणि दोन्ही बाजूंना शाळू. आजवर त्या बाजूला गेले नव्हते. टायर जाड आहेत, जाईल, असं वाटलं आणि गेले. एका मोरीपाशी थांबले. तिथं एक बाई म्हशीसाठी गवत कापत होती. तिनं विळा थांबवून मला पाहिलं, सायकल पाहिली, बूट पाहिला.

“कुठं चालल्या, ताई?”

“कुठं नाही,” मी म्हणाले. “अशीच.”

तिनं थोडा वेळ विचार केला. मग मान डोलावली आणि पुन्हा गवताला लागली. मी मोरीच्या कठड्याला डावा पाय टेकून बसले होते. शाळवावर दव होतं. ऊन अजून पिकाच्या शेंड्यांवरच होतं, खाली उतरलं नव्हतं. ते रस्त्यावर येईपर्यंत मी तिथं थांबले.